मुलं आपल्या पलंगावर येतात, ती नेमकी कशी?

गोदाकाठची (धागाकर्ती)

मुलांना जवळ झोपवावं की वेगळं, यावर वाद घालायला हा धागा नाही. तो वाद इथे दर पावसाळ्यात एकदा होतोच. मला त्याच्या आधीचं विचारायचंय. हे मुळात घडतं कसं?

मी नाशिकच्या इंदिरानगरात राहते. आमच्या इमारतीत बहुतेक टू बीएचके. बिल्डरच्या नकाशात दुसऱ्या खोलीवर ‘चिल्ड्रन्स बेडरूम’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात त्या खोलीत काय आहे ते सांगते. इस्त्रीला द्यायचे कपडे, पाहुण्यांच्या गाद्या, इन्व्हर्टर, एकीकडे ट्रेडमिल (त्यावर टॉवेल वाळत), आणि कार्टूनची चित्रं असलेला एक छोटा पलंग, ज्यावर टेडी सोडून आजवर कुणी झोपलेलं नाही. मुलं सगळी आईबापाच्या पलंगावर.

आणि विचारलं तर एकीनेही ‘आम्ही असं ठरवलं’ असं सांगितलं नाही. याच बायकांनी शाळा निवडताना एक्सेलमध्ये तक्ते केले होते. पण मूल पुढची सहा-सात वर्षं कुठे झोपणार हे कुणीच ठरवलेलं नाही. ताप होता म्हणून एका रात्रीपुरतं आणलं. सासूबाई राहायला आल्या, ती खोली त्यांना दिली. आमच्याकडे कारण एसी. मे महिन्यात एसी एकाच खोलीत म्हणून लेक आली, जूनमध्ये पाऊस आला, लेक काही गेली नाही. आता ती दुसरीत आहे.

तुमच्याकडे कसं झालं ते लिहा. बरोबर-चूक नको. (ते येणारच, माहीत आहे.)

तिसरी_शिफ्ट

ताई, सिडकोत दोन खोल्यांच्या घरात हा प्रश्नच नसतो. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आई-दादा तिथे. आतल्या खोलीत ओटा, आणि ओट्यापासून दारापर्यंत रात्री आमची अंथरुणं. त्यात कोण कुणाजवळ झोपलंय हे सकाळी उठल्यावर कळतं.

पण आमच्याकडेही एक गोष्ट घडली, ती सांगतो. मी अंबडला कंपनीत आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते. तिसरी शिफ्ट लागली की रात्री मी नसतो, माझी जागा रिकामी. पोरगा तेव्हा अडीच-तीन वर्षांचा. बायको म्हणाली, झोपू दे इथेच, मलाही एकटीला बरं वाटतं. पुढच्या आठवड्यात माझी पहिली शिफ्ट. मी माझ्या उशीवर डोकं टेकवलं तर पोरगा उठून बसला आणि आईला विचारतो, “बाबा आज कामावर नाही गेले?” आवाजात काळजी होती हो, पण माझी नाही, जागेची.

तेव्हापासून भिंतीकडची जागा माझी. पंखा तिथे पोचत नाही.

पंचवटीचा_पासधारक

वर शिफ्टवाल्या दादांनी लिहिलंय त्याच्या उलट माझं. मी नाशिकरोड-मुंबई अपडाउन करतो, पंचवटी एक्सप्रेसने. सकाळी सातच्या सुमाराला गाडी, म्हणजे घरातून निघतो तेव्हा मुलगी झोपलेली. रात्री घरी पोचायला दहा वाजून जातात, तेव्हाही झोपलेली. सोमवार ते शुक्रवार मी तिला जागी बघत नाही. ती माझ्या अंगावर पाय टाकून झोपते, तेवढीच आमची भेट.

बायको एकदा म्हणाली, आता मोठी होतेय, तिच्या खोलीत झोपवू या. मी ‘बघू’ म्हणालो. ते ‘बघू’ अजून चालू आहे. लोक म्हणतात मुलांना सवय लागते. आमच्या घरात सवय कुणाला लागलीय हे मला पक्कं ठाऊक आहे. शनिवारी ती आजीकडे राहायला गेली की झोप मला लागत नाही.

सटाण्याची_माहेरवाशीण

माझ्या मते अर्ध्या महाराष्ट्रात याचं मूळ माहेरच्या बाळंतपणात आहे. सातव्या महिन्यात मी सटाण्याला गेले. बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत तिथेच. बाळंतिणीच्या खोलीत कोण? मी, बाळ, आणि खाली गादी घालून आई. नवरा शनिवारी यायचा, बाळाला दोन बोटांनी हात लावायचा आणि बाहेर वडिलांबरोबर दिवाणावर झोपायचा. जावईबापूंना रात्री आत बोलवायची पद्धत नव्हती.

मग गंगापूर रोडला आमच्या घरी आलो. तोवर माझं नि बाळाचं सगळं जमलेलं होतं. कुठल्या कुशीवर पाजायचं, तो कधी कुरकुरतो, किती थोपटलं की गप्प होतो. या सगळ्यात नवरा नवीन. घर त्याचं, पलंग त्याच्या पसंतीने घेतलेला, आणि पाहुण्यासारखा काठावर तो! पाळणा पण आणला होता हौसेने. त्यात दुपटी ठेवायचो.

रात्री दर दोन-अडीच तासांनी पाजायचं असतं. दोनदा उठून पाळण्यातून काढाल, तिसऱ्यांदा बाळ तुमच्या शेजारीच राहतं. ठरवायला जागं तरी असायला लागतं ना माणसाने!

गोदाकाठची

“ठरवायला जागं तरी असायला लागतं” हे वाक्य फ्रेम करून लावते. नेमकं हेच मला वाटत होतं.

डॉ_नाशिकरोड

बालरोगतज्ज्ञ आहे. धागाकर्तीने बरोबर-चूक नको म्हटलंय, म्हणून ते बाजूला ठेवतो. पण “ठरवलं नाही, झालं” हे वाक्य मी ओपीडीत रोज ऐकतो, आणि माझी खरी काळजी तिथेच आहे.

ठरवून जवळ झोपवणारी आई जागेची तयारी करते. न ठरवता ज्यांचं होतं, त्यांच्याकडे तयारी काहीच नसते. आई सोफ्यावर बसून पाजतेय, पहाटेचे तीन, तिचा डोळा लागतो, बाळ तिच्या अंगातून घसरून सोफ्याच्या पाठीच्या आणि गादीच्या खाचेत. सोफा, आरामखुर्ची, रिक्लायनर या जागा पलंगापेक्षा कितीतरी पट धोक्याच्या आहेत. गंमत अशी की “पलंगावर झोप लागेल म्हणून मी सोफ्यावर बसते” असं मला समजूतदार आयाच सांगतात. अमेरिकेची बालरोग अकादमी एका पलंगावर झोपण्याच्या विरोधात आहे, पण तीसुद्धा म्हणते की पाजताना डोळा लागण्याची शक्यता असेल तर सोफ्यापेक्षा पलंग बरा.

म्हणून मी बाळंतिणीला पहिल्याच भेटीत सांगतो, तुमचा बेत काहीही असो, बाळ एखाद्या रात्री पलंगावर येणार असं धरून चाला. गादी घट्ट हवी. मऊ फोमची, बूड रुतणारी नको. बाळ पाठीवर, उताणं. त्याच्या आसपास उशी नको, लोड नको, दुसरं काही मऊ नको, आणि खरं तर डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीही नको. तुमची गोधडी तुमच्या कमरेपर्यंत. बाळ आईच्या बाजूला, दोघांच्या मध्ये नाही, आणि मोठ्या भावंडाच्या शेजारी तर अजिबात नाही, कारण चार वर्षांच्या मुलाला झोपेत काही भान नसतं. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये फट नको. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ पलंगावर नको, त्याचे हात मोकळे असू देत.

आणि काही घरांत मी स्पष्ट ‘नाही’ म्हणतो. आई किंवा वडील सिगरेट-विडी ओढत असतील, मग ती गॅलरीत जाऊन ओढली तरी. कुणी दारू घेतली असेल, किंवा झोप आणणारं औषध चालू असेल, त्यात खोकल्याच्या काही औषधांचाही समावेश आहे. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल किंवा जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल. या घरांत बाळ त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण वेगळ्या गादीवर.

हे सगळं मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांचं आहे. झोपेतल्या अचानक मृत्यूंपैकी बहुतेक त्याच काळात होतात, दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सर्वाधिक. तुमची दुसरीतली लेक पलंगावर झोपते, त्यात वैद्यकीय प्रश्न काही नाही. तो तुमच्या कंबरेचा प्रश्न आहे.

पंचवटीतली_आजी

डॉक्टरसाहेब, मोहरीच्या उशीवर तुम्ही उगाच घसरलात. आमची चारही डोकी गोल आहेत.

बाकी तुमचं पटलं. पण इथे सगळे धरून चाललेत की जवळ घेऊन झोपणं म्हणजे आपली जुनी रीत, आणि वेगळं झोपवणं हे परदेशातलं. मी भद्रकालीजवळच्या वाड्यात सून म्हणून आले. आमच्या खोलीत तुळईला कड्या होत्या, त्यांना पाळणा. पाळण्याची दोरी खाली माझ्या अंथरुणापर्यंत. बाळ रडलं की उठायचं नाही, पडल्या पडल्या दोरी ओढायची. पुष्कळदा तर दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे. पाजायला जवळ घ्यायचं, झालं की परत पाळण्यात, कारण खाली ढेकूण, मुंग्या, आणि वाडा जुना, विंचूही निघायचे. शेतावर बायका झाडाला झोळी बांधत, तेही जमिनीपासून वरच.

म्हणजे बाळ खोलीत माझ्याजवळ, पण अंथरूण त्याचं वेगळं. डॉक्टर आज हेच सांगताहेत की नाही?

माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये नात झाली तेव्हा मी पाळणा टांगायला सांगितला. तर छताला पीओपी. भोक पाडलं तर डिझाइन बिघडतं! मग नात गेली पलंगावर.

डॉ_नाशिकरोड

आजी, शंभर टक्के हेच सांगतोय. आणि मोहरीच्या उशीवर मी माघार घेणार नाही. :)

सटाण्याची_माहेरवाशीण

पीओपीमुळे परंपरा बुडाली हे आमच्या इंटिरियरवाल्याला वाचायला पाठवते.

जर्सीतली_नाशिककर

मी मूळची कॉलेज रोडची, सध्या न्यू जर्सीत. इथे बाळ घेऊन दवाखान्यातून बाहेर पडण्याआधीच विचारतात, बाळ कुठे झोपणार? पुढे प्रत्येक तपासणीला तोच प्रश्न. उत्तर एकच चालतं, ‘क्रिबमध्ये’, म्हणजे बाळाच्या वेगळ्या कठड्याच्या पलंगात. माझ्या ओळखीतल्या सगळ्या भारतीय आया हेच उत्तर देतात, आणि घरी गेल्यावर क्रिबमध्ये कपड्यांच्या घड्या. तिथली दुपटी, इथल्या घड्या!

मला यात खटकतं ते असं. आपण खोटं सांगतो, म्हणून डॉक्टर पुढचं काही सांगतच नाहीत. उशी काढा, फट बुजवा, हे वर डॉक्टरांनी लिहिलं तेवढंही मला इथे कुणी समोर बसून सांगितलं नाही. ‘करू नका’ एवढ्यावर विषय संपला.

बाळाला पाठीवर झोपवण्याचा सल्ला मात्र इथल्यांनी देऊन दाखवला. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने तो १९९२ मध्ये दिला, १९९४ पासून देशभर मोहीम चालवली, आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण पुढच्या दहाएक वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. म्हणून त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. २०२२ च्या सूचनांत त्यांनी निदान पहिले सहा महिने बाळ आईबापाच्याच खोलीत, पण वेगळ्या जागी झोपवा असं म्हटलंय. बाळासाठी पहिल्या दिवसापासून वेगळी खोली रंगवून ठेवणारे गोरे शेजारीही खरं तर त्यात बसत नाहीत. त्यांना कुणी रागावत नाही, हा भाग वेगळा.

समाजशास्त्र_एमए

जर्सीताई, दुसरी बाजूही आहे. जेम्स मॅकेना म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आहेत, अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी आई आणि बाळ एकत्र झोपलेले असताना प्रयोगशाळेत रात्रभर निरीक्षणं केली. अंगावर पाजणारी आई झोपेतही बाळाकडे तोंड करून असते, गुडघे बाळाच्या पायांखाली दुमडलेले, हात त्याच्या डोक्याच्या वरच्या बाजूला. दोघांची झोप सावध होते, बाळ जास्त वेळा पितं. अंगावर पाजणं आणि शेजारी झोपणं ही एकच गोष्ट मानून अभ्यास करा, असं त्यांचं म्हणणं. स्तनपानाच्या क्षेत्रातल्या डॉक्टरांची एक आंतरराष्ट्रीय अकादमी आहे, तिनेही २०२० मध्ये अशी भूमिका घेतली की इतर धोके नसतील तर पाजणाऱ्या आयांना सरसकट मनाई करण्याइतका पुरावा नाही, त्यांना सुरक्षितता समजावून सांगा. म्हणजे डॉक्टरांमध्येही एकमत नाही.

पण धाग्याच्या मूळ प्रश्नाला जवळचा अभ्यास वेगळाच आहे, आणि तो भारतातला आहे. रिचर्ड श्वेडर आणि सहकाऱ्यांनी भुवनेश्वरमध्ये आणि अमेरिकेत लोकांना एक कोडं घातलं. सात माणसांचं कुटुंब, आईबाप आणि लहान-मोठी पाच मुलं-मुली. खोल्या कमी-जास्त केल्या तर कोण कुणाबरोबर झोपेल? १९९५ मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. नवरा-बायकोला स्वतंत्र खोली हवी, हा अमेरिकन लोकांचा मोठा नियम. ओडिशातल्या लोकांच्या यादीत तो नियम वर नव्हताच. लहान मुलाला रात्री एकटं टाकायचं नाही, वयात आलेल्या मुलीला जपायचं, मोठ्या मुलाचा मान राखायचा, हे आधी. नवरा-बायकोचं बघू नंतर.

मला हे वाचून वाटलं, ‘आम्ही ठरवलं नाही’ असं आपण म्हणतो, पण आपल्या आधीच्यांनी ठरवून ठेवलेलं असतं. म्हणून आपल्याला ठरवावं लागत नाही. जर्सीच्या गोऱ्या शेजारणीलाही बाळाची वेगळी खोली ‘ठरवावी’ लागली नसणार.

दिवाणवासी

“नवरा-बायकोचं बघू नंतर.” वाचलं. समजलं. दिवाणावरून लिहितो आहे.

आमच्याकडे घटनाक्रम असा. पहिला मुलगा झाला, सहा बाय सव्वासहाच्या पलंगावर तिघं. मुलगी झाली, चौघं. मुलगा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत झोपतो, रात्री बाराला डोकं उशीवर आणि तीनला माझ्या बरगडीत टाच. एका रात्री मी म्हणालो, मी जरा हॉलमध्ये पडतो. ‘जरा’. आता माझा चार्जर, चष्मा, पाण्याची बाटली, अमृतांजन सगळं हॉलमध्ये आहे. पाहुणे आले की मला आधी विचारावं लागतं, तुम्ही झोपणार कधी?

तक्रार आहे का? थोडी आहे. पण गल्लीतला कुठलाही बाप विचारा. आम्ही सगळे सकाळी दूध आणायला भेटतो तेव्हा पाठीवर दिवाणाच्या पट्ट्या उमटलेल्या असतात.

तिसरी_शिफ्ट

दादा, पंखा तरी पोचतो का?

दिवाणवासी

हॉलचा पंखा फास्ट आहे. तेवढंच.

निफाडकर_बागायतदार

तुमचं सगळं शहरातलं चाललंय. आमच्याकडं थंडीचं बघा. निफाडला पारा किती खाली जातो हे दर डिसेंबर-जानेवारीत पेपरात येतंच. मळ्यातल्या घराला वरून पत्रा. रात्री पत्रा असा गार पडतो की खाली दव गळतं. अशात पोरांना वेगळं कोण झोपवणार? सगळ्यांनी एका जागी, वरून दोन वाकळा.

दुसरं म्हणजे लाईट. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की मी बाराला मोटर चालू करायला जातो. थंडी फार असली की द्राक्षबागेला ठिबकनं पाणी सोडायचं, पहाटे बांधावर शेकोट्या करायच्या, नाहीतर मणी तडकतात. घरात मालकीण आणि दोन पोरं. त्यात बिबट्या. उसाच्या कडेनं रात्री फिरतो, आमच्या भागात काय घडलेलं आहे ते तुम्ही ऐकून असाल, परत लिहीत नाही. मालकीण दोघांना दोन्ही बाजूला घेऊन कडी लावून झोपते. मोठा आता सातवीत आहे. तो म्हणतो मी आईजवळ नाही झोपत, आई माझ्याजवळ झोपते, तिला भ्या वाटतं. बरोबर आहे त्याचं.

डॉ_नाशिकरोड

दादा, एकच विनंती. थंडीत शेगडी किंवा कोळशाची पाटी खोलीत ठेवून दार-खिडक्या बंद करून झोपू नका. कोळशातून निघणारा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, आणि झोपेतला माणूस जागाही होत नाही. बाळंतिणीच्या खोलीतल्या शेकशेगडीलाही हेच लागू. शेक झाला की शेगडी बाहेर. आणि वाकळ तुम्हा मोठ्यांना ठीक, तान्ह्या बाळावर नको. त्याला अंगात एक थर जास्त घाला, तेवढं पुरतं. टोपडं झोपेत काढून ठेवा, बाळाच्या अंगातली जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते.

निफाडकर_बागायतदार

शेगडी बाहेरच असती आमची. टोपड्याचं आईला सांगायची हिंमत तुम्हीच करा.

बँकवाली

मला वाटतं नोकरीबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली. चांगलंच झालं. पण हिशेब करा, आई कामावर जाते तेव्हा बाळ साधारण पाच-सहा महिन्यांचं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्याला आई दिसेनाशी झाली की घाबरायला होतं, ते वयच तसं. दिवसभर वाटी-चमच्याने आजीकडून कसंबसं दूध पिणारं बाळ रात्री सगळी वसुली करतं. माझा मुलगा रजेत रात्री एकदाच उठायचा. मी शाखेत रुजू झाल्यावर तीन-चार वेळा. मी आधी पाळणा वापरत होते बरं का, नियमाने. मार्चएन्डला तो नियम गेला. रात्री साडेआठला घरी येऊन पहाटे चारपर्यंत उठबस करून परत दहाला काउंटरवर बसायचं असेल तर मूल कुशीतच झोपतं.

शाळेतल्या_बाई

मोठ्या मुलांचं कुणी विचारत नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी चौथीत जाईपर्यंत आमच्यात होती. तिला बाहेर काढलं नाही, आम्हीच तिच्या खोलीत गेलो. आधी तिच्या पलंगाशेजारी खाली माझी गादी. काही आठवड्यांनी गादी दाराजवळ. मग दार उघडं आणि पॅसेजमधला दिवा चालू. रात्री आली तर रागवायचं नाही, हात धरून परत तिच्या पलंगावर नेऊन बसायचं. मोजून दिवस सांगणार नाही, कारण प्रत्येक घराचं वेगळं. मध्ये कांजिण्या आल्या आणि सगळं परत पहिल्यापासून.

एक निरीक्षण. वर्गात ज्या मुलांना ‘अजून आईजवळ झोपतोस?’ म्हणून चिडवतात, त्यांना चिडवणारेही आईजवळच झोपतात. सहलीला मुक्कामी गेल्यावर सगळं उघडं पडतं.

म्हसरूळकर

बाई, आमचा पाच वर्षांचा रात्री अकराच्या सुमाराला किंचाळून उठतो, डोळे उघडे, पण आम्हाला ओळखत नाही. सकाळी त्याला काही आठवत नाही. त्यामुळेच आमच्यात आणला आहे. बाहेरचं काही असेल म्हणून आईने मीठ-मोहरी उतरवली. डॉक्टर, हे काय?

डॉ_नाशिकरोड

न पाहता निदान करत नाही, पण वर्णनावरून गाढ झोपेतून अर्धवट जागं होण्याचा प्रकार वाटतो. तो बहुधा झोपेच्या पहिल्या काही तासांत येतो, आणि मुलाला सकाळी आठवत नाही. वाईट स्वप्नं पहाटेकडे पडतात, आणि ती मूल सांगू शकतं. हलवून जागं करू नका, पलंगावरून पडणार नाही एवढं पाहा, दोन-पाच मिनिटांत परत झोपेल. झोप कमी झाली की हे वाढतं, म्हणून अर्धा तास लवकर झोपवून पाहा. हातपाय एका लयीत झटकत असेल, किंवा एकाच रात्री अनेकदा होत असेल, तर मात्र दाखवा. मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा, सांगण्यापेक्षा तो उपयोगी पडतो. मीठ-मोहरीने नुकसान नाही.

नाव_नको

वाचत होते, लिहायचं नव्हतं. सगळ्यांनी थंडी, एसी, नोकरी लिहिलंय. आमच्या घरी मुलगी मध्ये झोपते, कारण ती मध्ये असलेली मला हवी आहे. ती मध्ये असली की रात्री मला काही बोलावं लागत नाही, नाही म्हणावं लागत नाही. सासरी सगळे म्हणतात, हिला मुलीची फार माया. तेही खरंच आहे.

गोदाकाठची

नाव_नको, इथे उघड काही विचारत नाही. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, वाटलं तर उत्तर द्या, नाही दिलंत तरी चालेल.

बाकीच्यांना सांगते, यावर कृपया सल्ले नकोत.

सटाण्याची_माहेरवाशीण

+१

समाजशास्त्र_एमए

+१. आणि माझ्या प्रतिसादातलं एक वाक्य मी जरा सैल लिहिलं होतं, दिवाणवासींनी हसत घेतलं खरं. आधीच्यांनी ठरवून ठेवलं म्हणजे ते सगळ्यांच्या सोयीचंच ठरवलं, असा अर्थ नाही.

नवीन_बाबा_पाथर्डीफाटा

धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे पुढच्या महिन्यात बाळ येणार आहे. पीओपी आमच्याकडेही आहे. :) बायकोचं म्हणणं, पलंगाला लागूनच बाळाचा छोटा पलंग करून घेऊ, मधली बाजू उघडी, म्हणजे हात लांबवला की बाळ. रेडिमेड फार महाग आहेत. सुताराकडून करून घेतला तर चालेल का? काय बघायचं?

डॉ_नाशिकरोड

कल्पना उत्तम. दोन्ही गाद्यांचा वरचा भाग एका पातळीत हवा, म्हणून आधी गादी आणा, मग सुताराला माप द्या. उलटं केलंत तर बाळाची गादी दोन इंच खाली जाते आणि काठ तयार होतो. छोटा पलंग मोठ्याला पट्ट्याने किंवा बोल्टने घट्ट बांधा, नुसता टेकवून ठेवू नका, कारण रात्रीत सरकतो आणि मध्ये फट पडते. बाकीच्या तीन बाजूंच्या गजांमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. आत उशी, टेकू, कडेला लावायचे मऊ बंपर, काही नको. बाळ हातापायांवर उठायला लागलं की हा छोटा पलंग वापरणं बंद करायचं.

पंचवटीतली_आजी

आणि पॉलिश आत्ताच करून घ्या, बाळ यायच्या आधी वास जाऊ दे. सुतार ‘दोन दिवसांत देतो’ म्हणतील. महिना धरा.

नवीन_बाबा_पाथर्डीफाटा

धन्यवाद डॉक्टर, आजी. गादी आणायला उद्या जातो. मच्छरदाणी एकच दोन्हीला पुरेल अशी शिवून मिळते का कुठे? आमच्याकडे डास फार आहेत.

तिसरी_शिफ्ट

मिळते. सिडकोत शिवून देणारा एक माहितीतला आहे. दोन्ही पलंग मिळून लांबी-रुंदी लिहून आणा, आणि खाली गादीखाली खोचायला वीतभर कापड जास्त ठेवायला सांगा. पत्ता निरोपात पाठवतो.